छारानगरचे ग्रंथालय आणि वस्तीतले कुलूप

३१ ऑगस्ट जवळ आला की भटक्या-विमुक्तांचे मेळावे, सत्कार आणि निवेदने सुरू होतात. १९५२ साली याच तारखेला गुन्हेगार जमाती कायदा रद्द झाला, म्हणून हा विमुक्त दिन. पुढाऱ्यांची भाषणे होतात, मागण्यांचे कागद मंत्रालयात जातात आणि १ सप्टेंबरला सारे शांत होते. या निमित्ताने आम्ही एका नाटकमंडळीविषयी लिहिण्याचे ठरवले आहे. कारण तिचा पहिला प्रयोगही ३१ ऑगस्टलाच झाला, १९९८ साली, अहमदाबादच्या छारानगरात. मंडळीचे नाव 'बुधन थिएटर'.

वकिलाने नाटकावर का लिहावे, असा प्रश्न वाचकांना पडेल. त्याचे उत्तर साधे आहे. हे नाटक एखाद्या पुराणातून, प्रेमकथेतून किंवा नाट्यस्पर्धेच्या हव्यासातून जन्मले नाही. ते एका उच्च न्यायालयाच्या निकालपत्रातून जन्मले.

छारानगर म्हणजे अहमदाबादच्या नरोडा-कुबेरनगर भागातली छारा जमातीची वस्ती. येथे इंग्रजांची सेटलमेंट होती. सेटलमेंट हा शब्द सोलापूरकरांना समजावून सांगण्याची गरज नाही. तारेचे कुंपण, सकाळ-संध्याकाळची हजेरी, परवानगीच्या चिठ्ठीशिवाय बाहेर पाऊल टाकण्यास बंदी. १८७१ च्या कायद्याने काही जमातींतील प्रत्येक माणसाला जन्मतःच गुन्हेगार ठरवले. प्रथम उत्तर हिंदुस्थानात, पुढे बंगालमध्ये आणि १९११ च्या दुरुस्तीनंतर देशभर. गुन्हा घडण्याची वाट पाहण्याचे कारणच उरले नाही. या कायद्याच्या समर्थनार्थ तेव्हा जो युक्तिवाद झाला तो वाचण्यासारखा आहे. या देशात सुताराचा मुलगा सुतार होतो, लोहाराचा लोहार होतो, तेव्हा चोराचा मुलगा चोरच होणार, असे इंग्रज अधिकाऱ्यांचे म्हणणे होते. म्हणजे कायदा इंग्रजाचा, तर्कशास्त्र मनूचे! पुस्तकी धर्मशास्त्राने जे काम हजारो वर्षे केले ते इंग्रजाने कलमे पाडून केले, एवढाच फरक.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी 'द अनटचेबल्स' या १९४८ च्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत अस्पृश्यांचा विचार एकट्याने केलेला नाही. गुन्हेगार ठरवलेल्या जमातींचे सुमारे २ कोटी, आदिवासींचे सुमारे दीड कोटी आणि अस्पृश्यांचे सुमारे ५ कोटी लोक त्यांनी एकाच ओळीत उभे केले आणि अशी माणसे निर्माण करणाऱ्या संस्कृतीला संस्कृती म्हणावे काय, असा जाब विचारला. चळवळीतल्या व्याख्यानांत या ग्रंथाचा उल्लेख नेहमी होतो, प्रस्तावनेतल्या या तिघांच्या मांडणीचा मात्र क्वचितच. विमुक्तांचा प्रश्न हा 'त्यांचा' प्रश्न असल्यासारखे आपल्याकडे बोलले जाते. बाबासाहेबांनी तो तसा मांडलेला नव्हता.

१९५२ ला कायदा गेला, पण त्याचा आत्मा गेला नाही. आपल्या तेव्हाच्या मुंबई राज्याने १९५९ साली सराईत गुन्हेगारांचा कायदा केला. जमातीचे नाव कागदावरून पुसले गेले, 'सराईत' हा शब्द आला. आम्ही ज्या न्यायालयांत उभे राहतो तेथे पारध्याला किंवा कैकाड्याला हजर केले की रिमांडच्या अर्जात हा शब्द जणू आधीच छापलेला असतो. मागची एकही शिक्षा नसली तरी तो असतो. कायद्याच्या व्याख्येनुसार सराईत ठरायला दोषसिद्धी लागते, जात लागत नाही, हे अर्ज लिहिणाऱ्यालाही ठाऊक असते.

आता बुधनविषयी. बुधन शबर हा पश्चिम बंगालच्या पुरुलिया जिल्ह्यातल्या आकरबाइद गावचा खेडिया शबर जमातीचा तरुण. फेब्रुवारी १९९८ मध्ये पोलिसांनी त्याला बायकोदेखत उचलले आणि आठवड्याभरात तो कोठडीत मेला. पोलिसांचे म्हणणे नेहमीचेच, स्वतःच्या गमछाने गळफास घेतला. येथे एक बाब नमूद करणे अगत्याचे आहे. कोठडीत अटकेच्या वेळी काय करावे, नातेवाईकांना कसे कळवावे, वैद्यकीय तपासणी केव्हा करावी, याचे बंधनकारक निर्देश सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये दिले होते. तो खटला डी. के. बसू विरुद्ध पश्चिम बंगाल राज्य या नावाने प्रत्येक कायद्याच्या विद्यार्थ्याला पाठ असतो. ज्या राज्याच्या नावाने तो निकाल ओळखला जातो, त्याच राज्यात १४ महिन्यांत बुधन मेला. निर्देश कागदावर होते, बुधन लॉकअपमध्ये होता.

पुढचे काम शबरांनी केले आणि आमच्या मते ते कोणत्याही निष्णात वकिलाने केले असते त्यापेक्षा चोख होते. पोलिसांना प्रेत लवकर जळायला हवे होते. शबरांनी गवताचा पुतळा करून त्याला अग्नी दिला आणि बुधनचा देह घरातच पुरून ठेवला. त्यामुळे दुसरे शवविच्छेदन होऊ शकले. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसांनी पुरावा जपला! महाश्वेतादेवींच्या पुढाकाराने शबर कल्याण समिती कलकत्ता उच्च न्यायालयात गेली. न्यायमूर्ती रुमा पाल यांनी जुलै १९९८ मध्ये आत्महत्येची कथा फेटाळली, केंद्रीय अन्वेषण विभागाकडे चौकशी सोपवली आणि बुधनच्या विधवेला भरपाई देण्याचा आदेश दिला.

त्याच वर्षी महाश्वेतादेवी बडोद्यात व्याख्यानासाठी आल्या होत्या. तेथे भाषा केंद्र चालवणारे गणेश देवी हे मूळचे आपल्या भोरचे. 'उचल्या'कार लक्ष्मण गायकवाड या दोघांबरोबर होते. विमुक्त आणि भटक्यांच्या हक्कांसाठी कृतिगट स्थापन झाला आणि ही मंडळी छारानगरात पोहोचली. तेथील तरुणांना त्यांनी विचारले, तुम्हाला काय हवे? वाचकांनी क्षणभर थांबून या प्रश्नाचा विचार करावा. आपल्या वस्तीत असा पाहुणा आला आणि असा प्रश्न विचारला तर काय मागितले जाईल? समाजमंदिर, कमान, पुतळ्याभोवती रेलिंग, फार तर व्यायामशाळा. छारानगरच्या पोरांनी ग्रंथालय मागितले.

ग्रंथालय झाले. एका लहान जागेत पुस्तके आली, पोरे बसू लागली. कृतिगटाचे 'बुधन' नावाचेच नियतकालिक निघत होते, त्यात खटल्याची हकीकत आली होती. ती या पोरांनी वाचली आणि त्यांना त्यात स्वतःची वस्ती दिसली. पुरुलिया कोठे, अहमदाबाद कोठे; भाषा वेगळी, जमात वेगळी. पण दाराशी येणारा हवालदार, त्याची शिवी आणि ठाण्यातली रात्र मात्र तीच. दक्षिण बजरंगे या तरुणाच्या लेखन-दिग्दर्शनाखाली नाटक उभे राहिले. नेपथ्य नाही, प्रकाशयोजना नाही, तिकीट नाही. नटांची शरीरे हाच पोलीस ठाण्याचा दरवाजा, तीच कोठडी. शेवटी नट प्रेक्षकांपुढे येऊन विचारतात की आम्ही या देशाचे नागरिक आहोत की नाही. ३१ ऑगस्ट १९९८ ला विमुक्तांच्या राष्ट्रीय मेळाव्यात छारानगरातच पहिला प्रयोग झाला आणि नाटकाच्या नावावरूनच मंडळीला नाव मिळाले.

येथपर्यंतची कथा अनेकांनी लिहिली आहे. आम्हाला त्यापुढची महत्त्वाची वाटते, म्हणजे हे थिएटर टिकले कसे? असंतोषातून एक पथनाट्य होणे ही काही मोठी गोष्ट नाही. महाराष्ट्रात एखादे अत्याचार प्रकरण घडले की महाविद्यालयातली पोरे डफ घेऊन निघतात आणि दोन महिन्यांत परीक्षेला बसतात. छारानगरात पाव शतक उलटून गेले तरी काम चालू राहिले, त्याचे कारण नाटकाला ग्रंथालयाचा पाया होता. मुले शाळा सुटली की तेथे येत. मोठी मुले लहानांना शिकवत. शिबिरे होत. एका पिढीने वयात येऊन पोटापाण्याला लागेपर्यंत दुसरी पिढी तालमीत तयार झालेली असे. जे आधी प्रेक्षकांत मांडी घालून बसत, ते पाच वर्षांनी हवालदाराची भूमिका करत. मुलीही पुढे आल्या, आणि दारूच्या धाडीत आपल्या आयांना पोलीस कसे ओढतात हे पाहिलेल्या मुलींनी रंगमंचावर उभे राहणे म्हणजे काय, हे आम्ही वेगळे सांगत नाही.

त्यांनी कोणते विषय घेतले तेही पाहण्यासारखे आहे. 'बुधन'नंतर त्यांनी महाराष्ट्रातला पिन्या हरी काळे उचलला. हा पारधी तरुण १९९८ सालीच बारामतीत पोलीस कोठडीत मेला. मराठी रंगभूमीला शतकाहून मोठी परंपरा आहे, पुण्या-मुंबईत नाट्यसंस्थांचा सुकाळ आहे. पण बारामतीच्या पारध्याचे नाटक बसवले अहमदाबादच्या छारांनी! पुढे दारियो फोच्या नाटकाला त्यांनी हात घातला, त्यातही पोलीस कोठडीतलाच मृत्यू आहे. ज्याँ जेनेच्या 'बाल्कनी'वरून त्यांनी आपले नाटक केले. जेने हा स्वतः चोऱ्या करून तुरुंगात गेलेला लेखक. छारांना तो परका वाटला नसावा. बादल सरकारांचे 'भोमा' केले, महाश्वेतादेवींच्या कथा केल्या. अहमदाबादेत झोपड्यांवर बुलडोझर फिरले तेव्हा हीच मंडळी कॅमेरा घेऊन गेली आणि त्यातून माहितीपट निघाले. दक्षिण बजरंगे पुढे इंग्लंडच्या लीड्स विद्यापीठात शिकून आले आणि २०१७ साली त्यांचा 'समीर' हा चित्रपट आला. या थिएटरवर शाश्वती तालुकदार आणि केरिम फ्रीडमन यांनी २०११ मध्ये केलेला माहितीपट जगभर दाखवला गेला. काही मुले दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात पोहोचली, काही पत्रकार झाली.

छारानगरात वकीलही पुष्कळ आहेत. ते सगळे थिएटरमुळे झाले असे आम्ही म्हणणार नाही, ते खरेही नाही. वकिलीकडे वळण्याची रीत तेथे जुनीच आहे. ज्या वस्तीत रोज कोणी ना कोणी न्यायालयाची पायरी चढतो तेथे वकील होणे ही हौस नसते. छारा लोक स्वतः विनोदाने सांगतात की चोरी करायला अभिनय लागतो, म्हणून आम्ही जन्मजात नट. त्यात आमची भर एवढीच की ज्याला अभिनय येतो आणि ज्याने कोठडी पाहिली आहे, तो उलटतपासणीही चांगलीच घेणार.

गंमत सोडून द्या. तालीम ही कायद्याची शाळा असते, हे आमचे ठाम मत झाले आहे. आम्ही गेली अनेक वर्षे वस्त्यांत कायदेविषयक शिबिरे घेतो. फळ्यावर कलमे लिहितो, राज्यघटनेचा अनुच्छेद २२ सांगतो, २४ तासांत दंडाधिकाऱ्यापुढे हजर करण्याचा नियम सांगतो. लोक माना डोलावतात आणि चहा झाला की निघून जातात. पण पोलिसाची भूमिका करणाऱ्या मुलाला अटकेचा पंचनामा कोण करतो, सही कोणाची लागते, किती वाजता केला असे लिहावे लागते, हे विचारावेच लागते. त्याशिवाय त्याला उभे राहता येत नाही. आणि आरोपीची भूमिका करणाऱ्याला त्याच वेळी कळते की सही करण्यापूर्वी वाचायला मागणे हा आपला अधिकार आहे. तो मुलगा पुढे नट होवो न होवो, खऱ्या ठाण्यात कोऱ्या कागदावर सही करणार नाही. आमच्या शंभर शिबिरांनी एवढे साधेल की नाही याची शंका आहे.

अर्थात नाटकाने लाठी थांबत नाही. २६ जुलै २०१८ च्या रात्री छारानगरात पोलिसांचा मोठा फौजफाटा शिरला. एका पोलीस अधिकाऱ्यावर हल्ला झाला असे पोलिसांचे म्हणणे होते. वस्तीचे म्हणणे असे की घरांत घुसून मारहाण झाली, गाड्या फोडल्या गेल्या, वकील, पत्रकार आणि थिएटरचे कलावंत यांनाही सोडले नाही. पंचवीसहून अधिक जणांना अटक झाली. वीस वर्षे नाटक करून, परदेशात नाव मिळवून, शिकून-सवरून शेवटी ओळख काय, तर छारा! दारूबंदीच्या राज्यात चोरटी दारू कोण पितो, हप्ता कोणाकडे जातो, हे त्यांच्या नाटकांत उघड सांगितलेले आहे. धाड मात्र गाळणाऱ्याच्याच घरावर पडते. या रात्रीनंतर वस्तीने जे केले त्यात थिएटरची शिकवण दिसते. त्यांनी दगड उचलले नाहीत. गुजरातेत माणूस गेल्यावर शोकसभा भरते तिला बेसणे म्हणतात. छारानगराने पोलीस खात्याचे बेसणे घातले. मूक होऊन, हात जोडून, रीतसर दुखवटा पाळला. निषेधाचा असा प्रकार ज्यांना सुचतो, त्यांची पंचवीस वर्षे वाया गेलेली नाहीत.

सरकारने या जमातींसाठी काय केले? बाळकृष्ण रेणके यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाचा अहवाल २००८ मध्ये आला, भिकू इदाते यांच्या आयोगाने पुन्हा तेच काम केले. या समूहांची लोकसंख्या दहा-अकरा कोटींच्या घरात मानली जाते. २०२२ च्या फेब्रुवारीत केंद्राने 'सीड' नावाची योजना जाहीर केली, पाच वर्षांसाठी २०० कोटी रुपये. वाचकांनी भागाकार करावा. वर्षाला ४० कोटी, माणशी वर्षाला चार रुपयांच्या आत. एका चहाचेही पैसे होत नाहीत. त्यात स्पर्धा परीक्षांची शिकवणी, आरोग्य विमा, रोजगार आणि घरकुल असे चार भाग आहेत. ग्रंथालय, नाटक, भाषा यांचा त्यात पत्ता नाही. छारांच्या भांतू बोलीत उद्या कोणी बोलणारा उरेल की नाही, हा प्रश्न कोणत्याही खात्याच्या टेबलावर नाही.

कौतुक करताना दोन गोष्टी बोलल्या पाहिजेत. एक, थिएटरने पोलिसांना आरसा दाखवला तसाच जातपंचायतीलाही दाखवायला हवा. छारा आणि महाराष्ट्रातले कंजारभाट हे एकमेकांच्या नात्यातले. छारानगरात इंद्रेकर, गागडेकर अशी 'कर' लावणारी आडनावे आहेत, त्यावरून हा संबंध कळावा. पिंपरी-चिंचवडच्या कंजारभाट तरुण-तरुणींनी २०१७-१८ मध्ये नववधूच्या कौमार्य परीक्षेविरुद्ध आवाज उठवला तेव्हा त्यांना आपल्याच लोकांचा मार आणि बहिष्कार सोसावा लागला. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा आहे म्हणून निदान फिर्याद तरी देता आली. गुन्हेगार जमाती कायद्याचा बळी असलेला समाज आपल्या लेकींवर तोच संशयाचा कायदा चालवतो, हे नाटकाचे केवढे मोठे कथानक आहे! दुसरी गोष्ट अशी की परदेशी अभ्यासक, महोत्सव आणि पुरस्कार यांच्या प्रकाशात एक-दोन नावे मोठी होतात आणि रोज ग्रंथालय उघडणारा मुलगा अंधारात राहतो. हे केवळ छारानगरचे दुखणे नव्हे, सगळ्याच चळवळींचे आहे.

आता महाराष्ट्राकडे येऊ. आपल्याला रंगभूमी नवी नाही. सत्यशोधकांचे जलसे झाले, त्यातून आंबेडकरी जलसे उभे राहिले. भीमराव कर्डक आणि त्यांच्यासारख्या शाहिरांनी चवदार तळे, काळाराम मंदिर, पुणे करार हे सारे निरक्षर माणसांपर्यंत पोहोचवले. ते जलसे म्हणजे त्या काळचे वृत्तपत्र आणि त्या काळची कायदा शाळाच होती. औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयाच्या परिसरात म. भि. चिटणीसांच्या 'युगयात्रा'ने दलित नाटकाची वाट पाडली. पुढे दत्ता भगत, प्रेमानंद गज्वी यांनी मोठी नाटके लिहिली. पण ही नाटके नाट्यगृहांत गेली आणि वस्तीत उरला तो १४ एप्रिलचा डीजे. आम्ही गाण्याच्या विरोधात नाही. भीमगीतांनी या समाजाला उभे ठेवले आहे. पण रात्रभर कानठळ्या बसवणाऱ्या यंत्रावर एका रात्रीत जेवढी वर्गणी उडते, तेवढ्यात छारानगरसारखे ग्रंथालय वर्षभर चालते, हा हिशेब एकदा मंडळाच्या बैठकीत मांडला पाहिजे.

आणि विहारे. शहरातल्या जवळजवळ प्रत्येक बौद्ध वस्तीत आज विहार आहे. लोकांनी पोटाला चिमटा घेऊन बांधलेली, संगमरवरी फरशीची, चांगल्या सभागृहाची विहारे आहेत. रविवारी वंदना होते, पौर्णिमेला कार्यक्रम होतो. उरलेले दिवस कुलूप. चावी ट्रस्टीच्या घरी आणि ट्रस्टी गावाला! त्याच वस्तीतली पोरे संध्याकाळी नाक्यावर मोबाईल घेऊन बसलेली दिसतात. त्यांना जागा नाही असे कोणी म्हणू शकत नाही. धर्मादाय आयुक्तांपुढे ट्रस्टींच्या आपसातल्या भांडणांची प्रकरणे चालवताना आमच्या हे ध्यानात आले आहे की भांडण बहुधा चावी कोणाकडे राहावी याचे असते, दार कोणासाठी उघडावे याचे कधीच नसते.

मुंबईच्या रमाबाई नगरात ११ जुलै १९९७ ला पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसे गेली. त्यानंतर शाहीर विलास घोगरे यांनी स्वतःचे आयुष्य संपवले. त्या गोळीबाराची चौकशी आयोगाकडून झाली, फौजदारी खटला झाला, त्याचा निकाल २००९ मध्ये लागला. दरवर्षी ११ जुलैला हार घातले जातात. चौकशी अहवालाची पाने किती वस्त्यांत मोठ्याने वाचली गेली? छारानगरच्या पोरांनी दूरच्या बंगालमधला निकाल वाचला.

२०२४ च्या डिसेंबरात परभणीत संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, त्यानंतरच्या धरपकडीत सोमनाथ सूर्यवंशी पकडला गेला आणि १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना मेला. विमुक्त जातींच्या यादीतल्या वडार समाजाचा, आंबेडकरी विचारांचा आणि कायद्याचा विद्यार्थी. बाबासाहेबांच्या त्या प्रस्तावनेतले दोन समूह या एका तरुणात एकत्र आले होते. सरकारच्या बाजूने आजाराचे कारण पुढे केले गेले. शवविच्छेदनाच्या प्राथमिक अहवालात अनेक जखमांमुळे बसलेल्या धक्क्याची नोंद होती. न्यायदंडाधिकाऱ्यांच्या चौकशीत पोलिसांवर ठपका आला. त्याची आई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेली, खंडपीठाने ४ जुलै २०२५ ला गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला, राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ३० जुलैला तेथेही हरले. बुधनच्या खटल्यात आणि यात पाव शतकाचे अंतर आहे. गमछाच्या जागी आजार आला, एवढाच बदल.

दरम्यान न्यायालयांनी आणखीही काही सांगितले आहे. मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांच्या हिस्ट्रीशीटमध्ये विमुक्त आणि मागास समाजांतल्या निरपराध माणसांची नावे यांत्रिकपणे घुसडली जातात याची स्वतःहून दखल घेऊन राज्यांना आपली धोरणे तपासायला सांगितले. ३ ऑक्टोबर २०२४ च्या निकालात तुरुंगात जातीवरून कामे वाटणारे आणि विमुक्तांना जन्मजात सराईत समजणारे कारागृह नियम घटनाबाह्य ठरवले. सुकन्या शांता या पत्रकार महिलेची ती याचिका होती. ३ ऑक्टोबरचा निकाल आम्ही बार रूममध्ये चर्चेत ऐकला, पारध्यांच्या पालावर त्याविषयी कोणी बोलल्याचे ऐकलेले नाही. ज्याच्यासाठी निकाल लागला त्याला तो लागल्याचेच कळत नाही, ही आपल्या न्यायव्यवस्थेची जुनी रीत आहे.

यंदाच्या ३१ ऑगस्टपासून एखाद्या तरी वस्तीत याला सुरुवात व्हावी असा आमचा प्रयत्न आहे. त्यासाठी नाट्यगृह लागत नाही, अनुदान लागत नाही. निकालाची प्रमाणित प्रत साध्या अर्जावर मिळते, न्यायालयाच्या संकेतस्थळावरून तर ती फुकट उतरवून घेता येते. परभणीच्या आणि कारागृहांच्या निकालांचे सोप्या मराठीत भाषांतर करून द्यायला आम्ही आणि आमचे काही वकील मित्र तयार आहोत. वाचताना मुलांना जे अडेल ते समजावून सांगायलाही येऊ. पहिले सहा महिने नाटक बसवण्याचे नावही काढू नये, नुसते वाचावे. भूमिका मुले आपोआप वाटून घेतील. वस्तीने आठ-दहा मुले-मुली द्यावीत, त्यात वडार, पारधी, कंजारभाट, मातंग, ज्या समाजाची असतील ती असू द्यावीत. आठवड्यातला एक दिवस ठरवावा. आणि विहाराची एक चावी त्या मुलांकडे राहू द्यावी.